पीसी सुरू होतो, पण डिस्प्ले नाही? मदरबोर्ड बदलण्याआधी रॅम तपासा

थळ (ता. अलिबाग) : पंखे फिरतात, लाईट लागते, पण स्क्रीन काळीच. घरी सुटे भाग जोडून पीसी बनवणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. अशा वेळी "मदरबोर्ड गेला" असं कुणीतरी सांगतं आणि घरचे आणखी चार-पाच हजार काढायच्या तयारीला लागतात. पण अनेकदा बोर्ड ठणठणीत असतो. चूक असते ती रॅमची. ती खराब असते असंही नाही, त्या बोर्डला ती चालत नाही इतकंच.

थळ, चोंढी, किहीम, नवगाव या पट्ट्यात कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायचे तर पर्याय थोडेच. अलिबागचं दुकान, ऑनलाईन ऑर्डर, नाहीतर मांडव्याहून बोट पकडून मुंबई गाठायची आणि ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला जायचं. पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी बोटी बंद असतात. मग वडखळ-पेणमार्गे एसटी, किंवा हवामान बरं असेल तर रो-रो. एक चुकीची रॅम आणली तर तिच्या किमतीबरोबर अख्खा दिवस आणि जाण्या-येण्याचा खर्चही पाण्यात जातो.

त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती जोरात चढल्या. एआयसाठी जगभर उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरकडे मेमरी चिप मोठ्या प्रमाणात वळल्या आणि साध्या ग्राहकासाठी माल महागला. त्यामुळे जुनी, वापरलेली, कुणाच्या तरी पीसीतून काढलेली रॅम घेण्याकडे कल वाढला आहे. जुनी रॅम घेणं चुकीचं नाही, पण काय घ्यायचं ते आधी कळलं पाहिजे.

पिढी चुकली तर सगळंच चुकलं

रॅम म्हणजे कॉम्प्युटरचं कामाचं टेबल. फाईल कपाटात, म्हणजे हार्डडिस्क किंवा एसएसडीत असते. काम करताना ती टेबलावर काढली जाते. हे टेबल प्रोसेसरशी थेट बोलतं. म्हणून प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या तिघांचं जमलं पाहिजे.

डेस्कटॉपच्या रॅमच्या तीन पिढ्या सध्या बाजारात मिळतात.

• डीडीआर-३ : २४० टोकं, १.५ व्होल्ट. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या प्रोसेसरसोबत. एच-६१ आणि एच-८१ हे बोर्ड यातलेच.
• डीडीआर-४ : २८८ टोकं, १.२ व्होल्ट. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून पुढे, तसंच एएमडीच्या एएम-४ सॉकेटवरचे रायझन.
• डीडीआर-५ : २८८ टोकं, १.१ व्होल्ट. एएमडीच्या एएम-५ सॉकेटला हीच लागते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत मात्र डीडीआर-४ चा बोर्ड वेगळा आणि डीडीआर-५ चा वेगळा मिळतो.

खालच्या सोनेरी टोकांच्या मधे एक खाच असते. प्रत्येक पिढीत ती वेगळ्या जागी असते, चुकीची रॅम बसूच नये म्हणून. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ ची टोकं सारखीच २८८ असली तरी खाच जुळत नाही. रॅम बसत नसेल तर जोर लावू नका. आधी उलटी करून बघा. तरीही बसत नसेल तर पिढी चुकली आहे. दाबून बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो आणि मग बोर्ड खरोखरच जातो.

बाराव्या पिढीचा आय-३ घेताना हा घोळ जास्त होतो. प्रोसेसर दोन्ही रॅम घेतो असं वाचून लोक स्वस्त मिळेल ती रॅम आणतात. प्रोसेसर घेतो हे खरं, पण बोर्डवर स्लॉट साधारण एकाच प्रकारचे असतात. म्हणून बोर्डच्या खोक्यावर काय लिहिलंय ते आधी पाहा.

स्टिकर वाचायला शिका

रॅमवर छोटा स्टिकर असतो. त्यावरच्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत सगळी कुंडली असते. तीन गोष्टी शोधा.

१. पिढी : पीसी-३, पीसी-४ किंवा पीसी-५. पीसीपुढचा आकडा म्हणजेच डीडीआरची पिढी.

२. वेग : कधी तो थेट लिहिलेला असतो (२४००, २६६६, ३२००), कधी मोठ्या आकड्यात. पीसी-३ १२८०० म्हणजे १६०० चा वेग. पीसी-४ १९२०० म्हणजे २४००, २१३०० म्हणजे २६६६ आणि २५६०० म्हणजे ३२००. मोठ्या आकड्याला ८ ने भागलं की वेग निघतो.

३. रचना : "१ आर एक्स ८" किंवा "२ आर एक्स ८" असं काहीतरी असतं. दुकानदार हे सहसा सांगत नाही, पण जुन्या बोर्डवर नेमकं इथेच अडतं. ते पुढे येतंच.

वेगवान रॅम हळू बोर्डवर लावली तर काही बिघडत नाही. ३२०० ची रॅम सातव्या पिढीच्या इंटेलवर, एच-११० च्या डीडीआर-४ बोर्डमध्ये लावली तर ती २४०० ने चालेल. पैसे जास्त गेले, वेग मिळाला नाही, एवढंच. त्याला बिघाड म्हणून दुकानात परत नेऊ नका.

स्वस्तात मिळणाऱ्या चार फसव्या रॅम

सर्व्हरची रॅम. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या सर्व्हरमधून निघालेली १६ जीबीची स्टिक फार स्वस्तात दिसते. दिसायला सारखीच, खाचही बहुतेक जुळते. पण ती "रजिस्टर्ड ईसीसी" प्रकारची असते. स्टिकरवर वेगाच्या आकड्यानंतर "आर" अक्षर येतं, आणि स्टिकच्या मध्यभागी एक जादा चिप दिसते. घरच्या साध्या बोर्डवर ती चालत नाही. डिस्प्लेच येत नाही.

"फक्त एएमडीसाठी" रॅम. ऑनलाईन विकली जाणारी काही डीडीआर-३ रॅम एएमडीच्या ठराविक जुन्या प्रोसेसरवरच चालते. तिच्यात चिपची मांडणी वेगळी असते. इंटेलच्या एच-६१ वर ती लावली की काळी स्क्रीन. वर्णनात बारीक अक्षरांत "ओन्ली एएमडी" लिहिलेलं असतं. तेवढं वाचायचं राहून जातं.

८ जीबीची कमी चिपवाली डीडीआर-३. एच-६१, एच-८१ वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. दुसऱ्या ते चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर ४ गिगाबिटपर्यंतचीच चिप ओळखतात. ८ जीबीची स्टिक अशा चिपांनी बनवायची तर १६ चिप लागतात, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ. तिच्यावर "२ आर एक्स ८" लिहिलेलं असतं. काही स्टिकवर मात्र एकाच बाजूला आठ चिप असतात, प्रत्येक ८ गिगाबिटची. तिथे "१ आर एक्स ८" दिसेल. ती नव्या बोर्डवर चालू शकते, तुमच्या एच-६१ वर नाही. एच-६१ ची कमाल मर्यादा दोन स्लॉट मिळून १६ जीबी, हेही लक्षात ठेवा.

लॅपटॉपची रॅम. ती लांबीने जवळपास निम्मी असते, त्यामुळे डेस्कटॉपमध्ये बसतच नाही. पण ऑनलाईन फोटोत आकार कळत नाही. वर्णनात "एसओडिम" असेल तर ती लॅपटॉपची, "यूडिम" किंवा "डेस्कटॉप" असेल तर आपली.

खरेदीआधीचं पाच मिनिटांचं काम

बोर्डवर दोन स्लॉटच्या आसपास मॉडेलचं नाव छापलेलं असतं. ते मोबाईलवर शोधा आणि कंपनीच्या साईटवर "मेमरी सपोर्ट" किंवा "क्यूव्हीएल" नावाची यादी उघडा. कंपनीने स्वतः तपासलेल्या रॅमची ती यादी असते. यादीत नसलेली रॅमही चालू शकते, पण यादीतली असेल तर परत करताना तुमची बाजू पक्की होते.

आधीची रॅम असेल तर तिच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो काढून सोबत न्या. पीसी चालू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती स्लॉट, किती भरलेले आणि वेग किती, हे सगळं तिथे दिसतं. सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टिकची कंपनी आणि पार्ट नंबरही कळतो.

डिस्प्ले नाही? या क्रमाने जा

घाई करू नका. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं.

१. स्विच बंद करा आणि वायर काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा.

२. रॅम काढून पुन्हा बसवा. स्लॉटच्या क्लिपा उघडा, खाच जुळवा, दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. क्लिप "टक" असा आवाज करून आपोआप बसली पाहिजे. काही बोर्डवर एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरी बाजू अर्धवट राहते. नव्याने जोडलेल्या पीसीत सगळ्यात जास्त वेळा हीच चूक सापडते.

३. एकच स्टिक लावून बघा. दोन असतील तर एक काढा. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट वापरा, बोर्डवर तो बहुधा ए-२ असा छापलेला असतो. नाही चाललं तर दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. अशा आलटापालटीत स्टिक खराब की स्लॉट, ते उघड होतं.

४. आवाज आणि लाईट बघा. बोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर रॅमची अडचण तो बीप मारून सांगतो. लांब बीप परत परत वाजणं, किंवा तीन बीप, ही अनेक बोर्डांची रॅमची खूण असते. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, म्हणून मॅन्युअल बघा. नव्या बोर्डवर "डीरॅम" नावाचा बारीक लाईट असतो. तो पेटून राहिला तर दोष रॅमच्या बाजूला शोधा.

५. बायोसच्या सेटिंग पुसा. वायर काढा, बोर्डवरचा सीआर-२०३२ चा गोल सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, परत लावा. आधीच्या रॅमच्या सेटिंग अडकून बसल्या असतील तर निघून जातात. जुन्या बोर्डचा सेल उतरलेला असेल तर नवा ३ व्होल्टचा लावून टाका.

६. डीडीआर-५ असेल तर थांबा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. इथे लोक घाबरून बंद-चालू, बंद-चालू करतात आणि ते काम पुरं होऊच देत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं हात न लावता थांबा.

एवढं करूनही काही नाही, तर मित्राच्या चालू पीसीतली त्याच पिढीची रॅम आणून लावा. ती चालली तर तुमची रॅम दोषी. तीही चालली नाही तर मग बोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएसकडे बोट दाखवता येईल. हे केल्याशिवाय नवा बोर्ड घेऊ नका.

चालतो, पण मधेच हँग होतो

दोन वेगळ्या रॅम एकत्र लावल्यावर ही तक्रार येते. समजा, घरात ४ जीबी २४०० ची स्टिक होती आणि मुलाच्या अभ्यासासाठी ८ जीबी ३२०० ची आणखी घेतली. दोन्ही चालतील, पण दोन्ही २४०० नेच. जोडी जमली नाही तर मात्र निळी स्क्रीन येते, फाईल उघडताना एरर येतो, किंवा विंडोज इन्स्टॉल होताना अर्ध्यावर अडकतं.

आधी बायोसमध्ये "एक्सएमपी" (इंटेल) किंवा "एक्स्पो" (एएमडी) चालू आहे का बघा. खोक्यावर छापलेला जास्तीचा वेग देणारी ही सेटिंग असते. ती बंद करून बघा. हँग थांबला तर रॅम खराब नाही, तो वेग त्या जोडीला झेपत नाही. कमी वेगावर चालवा, रोजच्या कामात फरक जाणवणारही नाही.

तरीही थांबत नसेल तर मेमटेस्ट-८६ प्लस हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवर टाका, पीसी त्यावरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. विंडोजमध्ये आधीपासून असलेलं "मेमरी डायग्नोस्टिक"ही आहे, पण ते तितकं कसून तपासत नाही. मेमटेस्टमध्ये एक जरी लाल एरर दिसला तरी एकेक स्टिक वेगळी तपासा. एकेकटी पास आणि एकत्र नापास, तर जोडी जमत नाही. एकटीच नापास, तर ती स्टिक बाद.

"कधीतरीच हँग होतो, चालतंय" म्हणून हे सोडून देऊ नका. खराब रॅममधून जाणारी फाईल सेव्ह होताना आतून बिघडू शकते. मुलांचा प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, स्कॅन केलेली जमिनीची कागदपत्रं, सगळंच. ते कळतं सहा महिन्यांनी, फाईल उघडत नाही तेव्हा. शंका आली की आधी महत्त्वाच्या फाईलची दुसरीकडे कॉपी काढा आणि मग तपासणी करा.

१६ लावली, पण ८ च दिसते

• विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वर ती वापरतच नाही. ६४ बिटची टाकावी लागेल.
• वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनसाठी थोडी रॅम राखून ठेवली जाते. ८ पैकी साडेसात किंवा त्याहून थोडी कमी दिसली तर ते नॉर्मल आहे.
• एक पूर्ण स्टिकच दिसत नसेल तर ती नीट बसलेली नाही किंवा स्लॉटमध्ये घाण आहे.
• दोन्ही स्टिक चांगल्या, तरी एक बाजू मेलेली, असं असेल तर इंटेलच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असू शकते किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळलेला असू शकतो. पिन सरळ करायला घरी सुई घेऊन बसू नका, जाणकाराकडे द्या.

खारी हवा आणि वीज

थळचं घर म्हणजे खांदेरी-उंदेरीकडून येणारा वारा थेट खिडकीत. हवेतलं मीठ आणि दमटपणा धुळीत मिसळून रॅमच्या टोकांवर पातळ थर बसतो. उन्हाळ्यात छान चाललेला पीसी जुलै-ऑगस्टमध्ये डिस्प्ले देईनासा होतो, त्यामागे हेही कारण असू शकतं.

रॅम काढा, सोनेरी टोकांवर पेन्सिलचा पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, चुरा ब्रशने झाडून टाका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते उत्तम, कापडाच्या टोकावर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर, चाकू, अत्तर, सॅनिटायझरची जेल यातलं काहीही वापरू नका. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. हाताने दाबायचा छोटा ब्लोअर वापरा. पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावा, आतल्या उबेने ओल धरत नाही.

नवी रॅम ओळखण्यासाठी कधी कधी बायोस अपडेट करावं लागतं. ते सुरू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर अलिबाग तालुक्यात किती दिवस वीज नव्हती ते सगळ्यांना आठवतं. पण बायोससाठी दोन मिनिटांचा झटकाही पुरेसा आहे. हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर, स्वच्छ हवामानात करा.

चुकीची रॅम आली तर

ऑनलाईन घेतली असेल तर पार्सल उघडतानाच मोबाईलवर व्हिडिओ काढा. स्टिकर आणि सीरियल नंबर स्पष्ट दिसू द्या. परत करण्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते, म्हणून "रविवारी बसवू" म्हणून ठेवून देऊ नका. आल्या दिवशी लावून बघा. स्टिकर काढू नका, त्याविना वॉरंटी मिळत नाही.

दुकानातून घेताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर बोर्डचं मॉडेल लिहून "या बोर्डवर चालेल" असं नमूद करायला सांगा. लिहून द्यायला तयार नसेल तर तिथेच बोर्ड लावून दाखवायला सांगा. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर शक्यतो बोर्ड आणि प्रोसेसर सोबत न्या, डिस्प्ले पाहूनच पैसे द्या.

नव्या मालाबाबत विक्रेत्याने चुकीची माहिती देऊन वस्तू गळ्यात मारली आणि परत घेत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पुढे रायगड जिल्हा ग्राहक आयोग अलिबागमध्येच आहे. बिल, व्हिडिओ आणि विक्रेत्याशी झालेलं चॅट जपून ठेवा. वापरलेली रॅम कुणा व्यक्तीकडून बिलाशिवाय घेतली असेल तर हा मार्ग कठीण होतो. म्हणून तिथे एकच नियम पाळा : समोर लावून, मेमटेस्ट चालवून, मगच पैसे.

थोडक्यात

• बोर्डचं मॉडेल माहीत नसेल तर रॅम घेऊ नका.
• पिढी, वेग, रचना हे तीन आकडे स्टिकरवर वाचा.
• एच-६१, एच-८१ ला ८ जीबीची "२ आर एक्स ८"च घ्या.
• शक्यतो दोन सारख्या स्टिकची जोडी एकाच वेळी घ्या.
• डिस्प्ले नसेल तर एक स्टिक, एक स्लॉट, एक बदल.
• बोर्ड "गेला" असं कुणी म्हटलं तर दुसरी चालू रॅम लावून दाखवायला सांगा.